व्हेनिसचे अकरा फेरे

सहलीला निघणाऱ्या मंडळींत दोन जाती असतात. एका जातीला दर सुट्टीत नवे ठिकाण लागते. उटी झाली की सिक्कीम, सिंगापूर झाले की दुबई. दुसऱ्या जातीला एकच गाव पुन्हा पुन्हा बोलावत राहते. अशा माणसाला शेजारीपाजारी विचारतात की तिथे आता पाहायचे काय उरले. पंढरीच्या वारकऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. हौसेने फिरणाऱ्याला मात्र हमखास विचारतात. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ज्याचे चरित्र निवडले आहे, तो या दुसऱ्या जातीचा. जॉन रस्किन, इंग्लंडचा विख्यात कलासमीक्षक आणि लेखक. व्हेनिसमध्ये त्याचे नातलग नव्हते, व्यापार नव्हता, नोकरी नव्हती. तरी वयाच्या सोळाव्या वर्षापासून एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत तो अकरा वेळा तिथे गेला.

आम्ही पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन सरकारी बांधकामात लागलेली माणसे. साहित्याचे विद्वान रस्किनकडे ज्या बाजूने पाहतात, ती आमची बाजू नाही. पण हातात शिडी आणि टेप घेऊन जुन्या भिंतींशी झटणारा लेखक आम्हाला दुसरा माहीत नाही, म्हणून हा उद्योग.

रस्किनचा जन्म 8 फेब्रुवारी 1819 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जॉन जेम्स हे शेरी नावाच्या स्पॅनिश मद्याचे व्यापारी, चांगले सधन. आई मार्गारेट कडक धार्मिक. एकुलता एक मुलगा, पण लाड नाहीत. खेळायला किल्ल्यांचा जुडगा, एक गाडी, एक चेंडू. थोडा मोठा झाल्यावर लाकडी विटांच्या दोन पेट्या. आई रोज त्याच्याकडून बायबल मोठ्याने वाचून घेई, आणि शेवटचे पान झाले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पान. बाकी वेळ हा मुलगा गालिच्यावरची नक्षी आणि समोरच्या घराच्या विटा न्याहाळत बसे. पुढे आयुष्यभर त्याने जे केले त्याची तालीम अशी घरातच झाली असे आम्हाला वाटते.

वडील दर उन्हाळ्यात मागण्या गोळा करायला इंग्लंडभर घोडागाडीने फिरत आणि बायकोमुलाला बरोबर नेत. तेराव्या वाढदिवसाला, 1832 साली, वडिलांच्या भागीदाराने मुलाला रॉजर्स या कवीचे इटलीवरचे पुस्तक भेट दिले. कविता त्याने वाचल्या की नाही कोण जाणे, पण त्यात टर्नर या चित्रकाराची लहान लहान चित्रे होती आणि त्या चित्रांनी मुलाला पार वेड लावले. पुढच्याच वर्षी कुटुंब युरोपच्या प्रवासाला निघाले. 1835 च्या प्रवासात ते व्हेनिसला पोचले. हा पहिला फेरा.

व्हेनिस म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगायला हवे, नाहीतर पुढचे समजणार नाही. समुद्राच्या उथळ खाडीत शंभरावर लहान बेटे आणि त्यांच्यामधून रस्त्यांऐवजी कालवे. खाली चिखल. त्या चिखलात लाकडी खुंट शेजारी शेजारी ठोकायचे, त्यांवर फळ्या, त्यांवर इस्त्रियाचा घट्ट दगड. चिखलात हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही, आणि हा दगड पाणी फारसे पीत नाही म्हणून ओल वर चढायला आडकाठी होते. मग विटांची भिंत आणि वर संगमरवराच्या पातळ लाद्या. आमच्या परीक्षेत पायाभरणीवर प्रश्न असे. असा पाया लिहिला असता तर मास्तरांनी शून्य दिले असते. पण या पायावर शेकडो वर्षे एक बलाढ्य प्रजासत्ताक उभे राहिले. 1797 साली नेपोलियनने ते संपवले. नंतरचा बराच काळ गाव ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. रस्किनने पाहिले ते हे पडत्या काळातले व्हेनिस. वाडे होते, पण वाड्यांचे धनी खंक झालेले. आमच्या माळव्यातल्या जुन्या मराठी घरांना हे चित्र फार समजावून सांगायला नको.

पुढे रस्किन ऑक्सफर्डला शिकायला गेला, तर आईनेही त्याच गावात खोल्या घेतल्या आणि मुलगा रोज संध्याकाळी आईकडे हजर! वडिलांच्या स्पॅनिश भागीदाराच्या मुलीवर त्याचे मन बसले होते. तिचे लग्न दुसरीकडे झाले. 1840 साली खोकल्यातून रक्त पडले, शिक्षण थांबले आणि हवापालटासाठी आईवडील त्याला पुन्हा इटलीला घेऊन गेले. 1841 च्या मे महिन्यात दुसरा फेरा झाला. चोविसाव्या वर्षी, 1843 मध्ये, त्याने टर्नरच्या बाजूने मॉडर्न पेंटर्स या ग्रंथाचा पहिला भाग काढला. त्यावर स्वतःचे नाव घातले नाही, फक्त ऑक्सफर्डचा एक पदवीधर एवढेच छापले.

खरा फेरा तिसरा. 1845 साली तो पहिल्यांदा आईवडिलांशिवाय निघाला. बरोबर एक नोकर आणि आल्प्समधला एक वाटाड्या. वडिलांना रोज पत्र, हे मात्र चुकले नाही. व्हेनिसजवळ आला आणि त्याला धक्का बसला. खाडीवर रेल्वेचा पूल उभा राहत होता, 222 कमानींचा. आजवर नावेतून हळूहळू पाण्यातून वर येताना दिसणारे गाव आता आगगाडीच्या खिडकीतून दिसणार होते. कालव्याच्या कडेला गॅसचे दिवे लागले होते, बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर असतात तसे. सेंट मार्क मंदिराच्या भिंती घासून साफ करणे चालू होते. का दोरो नावाच्या सुंदर वाड्याचे चित्र काढायला तो बसला, तर समोर गवंडी त्याच वाड्यावर हातोडे घालत होते. इकडे पेन्सिल चालते आहे, तिकडे हातोडा चालतो आहे.

इथे आमचे मत थोडे निराळे आहे ते सांगून टाकतो. पूल झाला नसता तर गावातल्या गरिबांचे पोट कसे भरले असते, याचा विचार पाहुण्याला करावा लागत नाही. पाहुण्याला गाव जुने हवे असते आणि गावकऱ्याला नळ, दिवे, रस्ता हवा असतो. सरकारी नोकरीत आम्ही या दोघांच्या मध्ये उभे असतो. पण रस्किनचे दुःख खोटे नव्हते, कारण ते नुसते बोलून तो थांबला नाही. एका फ्रेंच माणसाकडून त्याला व्हेनिसच्या वाड्यांची डागेरोटाइप मिळाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारी छायाचित्रे ती. कला अवघ्या सहा वर्षांची होती. त्यातली प्रत्येक वीट, प्रत्येक डाग पाहून तो हरखला आणि पुढे स्वतःही नोकराच्या मदतीने अशी चित्रे घेऊ लागला. पडण्याआधी जे आहे ते नोंदवून ठेवायचे, ही जुन्या वास्तूंच्या कामातली आजची पहिली पायरी त्याने तेव्हाच ओळखली होती.

याच मुक्कामात तो सान रोक्को या धर्मसंस्थेच्या इमारतीत गेला. तिंतोरेत्तो या चित्रकाराने तिथल्या भिंती आणि छते वीस वर्षांहून अधिक काळ खपून रंगवली आहेत. रस्किन बाहेर आला तो गलितगात्र होऊन. चित्रांची अवस्था मात्र वाईट होती. काही वर्षांनी तो पुन्हा तिथे गेला तेव्हा तोफेच्या गोळ्यांनी छताला भोके पडली होती, काही चित्रे चिंध्यांसारखी लोंबत होती आणि पावसाचे पाणी धरायला खाली बादल्या ठेवल्या होत्या. गळके छप्पर आणि खाली बादली! याबाबतीत सगळे देश एका माळेचे मणी.

1846 साली आईवडिलांसह चौथी फेरी झाली. 10 एप्रिल 1848 रोजी त्याचे एफी ग्रे या स्कॉटिश मुलीशी लग्न झाले. ती लहान असताना तिच्यासाठी त्याने एक परीकथाही लिहिली होती. त्याच वर्षी युरोपभर क्रांतीचे वारे उठले. व्हेनिसने दानिएले मानिनच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रियाला हाकलून पुन्हा प्रजासत्ताक उभारले. ऑस्ट्रियाने वेढा घातला. तोफा, उपासमार, पटकी. ऑगस्ट 1849 मध्ये गाव शरण आले. आणि नोव्हेंबरमध्ये रस्किन नवी बायको घेऊन तिथे हजर! चौकात ऑस्ट्रियाच्या तोफा उभ्या, लोक सुतकात, आणि हा माणूस दानिएली हॉटेलात उतरून सकाळी शिडी घेऊन बाहेर पडतो.

त्याला व्हेनिसच्या वास्तुकलेचा इतिहास लिहायचा होता. त्याला वाटले होते की इमारतींच्या तारखा पुस्तकांत मिळतील. मिळाल्या नाहीत. दोन विद्वानांचे एका वाड्याबद्दलही एकमत नव्हते. मग त्याने ठरवले की तारीख दगडालाच विचारायची. खांबाची उंची, कमानीची गोलाई, कोनाड्याची खोली, सांध्याची रेघ, सगळे स्वतः मोजायचे. त्यासाठी त्याने वह्या केल्या. एक दारांची, एक घरांची, एक गॉथिक कामाची, एक नुसत्या सुट्या तुकड्यांची. आमच्या नोकरीत मोजमापाची एम.बी. म्हणजे जीव की प्राण. त्यात खाडाखोड झाली तर नोकरीवर येते. रस्किनच्या त्या वह्या म्हणजे एका माणसाने एका गावाची भरलेली एम.बी. आहे, आणि तिच्यावर बिल कोणाला काढायचे नव्हते. ड्यूकच्या राजवाड्याच्या खालच्या ओळीत 36 खांब आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर कोरीव काम. पाने, पक्षी, राजे, कारागीर, सद्गुण, दुर्गुण. त्याने एकेक करून सगळे वाचले आणि लिहिले. कधी काळे फडके डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागे, कधी जमिनीवर उताणा, कधी धुळीने माखून कोळिष्टकांत. गावकरी गर्दी करून पाहत राहत. त्याला त्याचे भान नसे.

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका मोठ्या चर्चमध्ये आंद्रेया वेंद्रामिन या ड्यूकची भव्य समाधी आहे. भिंतीत उंचावर ड्यूकची आडवी निजलेली मूर्ती. जाणकारांनी तिची फार वाखाणणी केलेली. रस्किनने चर्चच्या सेवेकऱ्याकडून शिडी मागवली आणि वर चढला. मूर्तीचा एक हात अप्रतिम होता, शिरा आणि सुरकुत्यांसह. त्याने दुसरा हात चाचपला. दुसरा हातच नव्हता. चेहराही खालून दिसणाऱ्या बाजूपुरता कोरलेला, भिंतीकडची बाजू ओबडधोबड. दिसेल तेवढेच काम! शिडी न लावता बिल पास केले की काय होते हे आमच्या व्यवसायातल्या वाचकांना ठाऊक आहे. कोणी म्हणेल की जे दिसणार नाही त्यावर खर्च कशाला, आणि या म्हणण्यात हिशेबाच्या दृष्टीने चूक नाही. रस्किनला मात्र त्या न कोरलेल्या बाजूत व्हेनिसच्या ऱ्हासाची सुरुवात दिसली. जुन्या काळच्या कारागिराने पाठीमागची बाजूही कोरली होती, कारण तो पाहणाऱ्यासाठी कोरत नव्हता. एका मूर्तीवरून साऱ्या राज्याचा निकाल लावणे आम्हाला जास्त वाटते. तरी जुनी इमारत तपासायला गेलो की शिडी लावून मागची बाजू पाहायची सवय चांगली, एवढे खरे.

नवऱ्याचे असे चाललेले असताना एफी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांच्या मेजवान्या आणि नाचांना जात असे. ती तरुण होती, हसरी होती, तिला माणसे हवी होती; नवऱ्याला दगड. सप्टेंबर 1851 मध्ये दोघे पुन्हा आली आणि मोठ्या कालव्यावरच्या एका वाड्यात बिऱ्हाड करून जून 1852 पर्यंत राहिली. हा सहावा फेरा. द स्टोन्स ऑफ व्हेनिसचा पहिला खंड मार्च 1851 मध्ये निघाला होता. उरलेले दोन 1853 मध्ये आले. आणि 1854 साली लग्न कायद्याने रद्द झाले, कारण ते सहा वर्षे नावापुरतेच राहिले होते. पुढच्या वर्षी एफीने मिले या चित्रकाराशी लग्न केले आणि तिचा संसार भरला. रस्किनचे गुण गाताना हे झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्या घराच्या भिंतींशी तो तासन्‌तास बोलत बसे त्याच घरात एक जिवंत माणूस वाट पाहत होते.

पुस्तकाबद्दल. पहिला खंड म्हणजे जवळजवळ बांधकामाचे पाठ्यपुस्तक. भिंत म्हणजे काय, खांब कशासाठी, कमान भार कशी वाहते, छपराला उतार का. शहाण्या वाचकालाही काहीच येत नाही असे धरून लिहिलेले. दुसऱ्या खंडात गॉथिक शैलीच्या स्वरूपावर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणाने पुढे जगभर प्रवास केला. त्यात तो म्हणतो की मध्ययुगातले कोरीव काम ओबडधोबड दिसते खरे, पण त्यात गवंड्याचे डोके आणि मन वापरलेले असते. उलट यंत्रासारखी एकसारखी नक्षी मागितली की आपण माणसाला हत्यार बनवतो. उदाहरण काचेच्या मण्यांचे. लोक दिवसभर बसून काचेच्या कांड्यांचे तुकडे करतात, त्यांचे हात थरथरतात, आणि त्या मण्यांत त्यांच्या बुद्धीचा एक कणही नसतो. असे मणी विकत घेणारी बाई गुलामांच्या व्यापाराला हातभार लावते असे त्याने लिहिले, तेही सुखवस्तू इंग्रज वाचकांसाठी! 1854 मध्ये हे प्रकरण कामगारांच्या एका महाविद्यालयासाठी स्वतंत्र छापले गेले आणि 1892 मध्ये विल्यम मॉरिसने आपल्या छापखान्यात ते फिरून छापले.

व्हेनिसची ती शैली पुढे इंग्लंडभर पसरली, इतकी की दारूच्या गुत्त्यांनाही व्हेनिसच्या कमानी लागल्या आणि रस्किन कपाळाला हात लावून बसला. त्याची एक लाट मुंबईपर्यंत आली. आमची अवंतिका एक्सप्रेस मुंबई सेंट्रलला सोडते, तरी इंदूरचा माणूस व्हीटी पाहिल्याशिवाय परतत नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने 1878 पासून दहा वर्षे खपून उभारलेली ही इमारत इटलीच्या मध्ययुगीन घाटावर बेतलेली गॉथिक आहे. वेगवेगळ्या रंगांचे दगड, टोकदार कमानी, खांबांच्या माथ्यांवर आपल्याकडची पाने, फुले, माकडे, मोर. यातले बरेचसे कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. शिकाऊ हातांना मोकळीक देण्याची ती पद्धत रस्किनला आवडली असती. गंमत अशी की आपल्या देशाच्या कलेबद्दल त्याचे मत भलतेच होते. 1857 च्या उठावाच्या बातम्यांनी पेटून 1858 च्या जानेवारीत त्याने व्याख्यान दिले आणि भारतीय नक्षी निसर्गाकडे पाठ फिरवणारी म्हणून तिची निंदा केली. तो कधी इकडे आला नाही, अजिंठ्याचे हंस आणि हत्ती त्याने पाहिले नाहीत. मोजल्याशिवाय बोलायचे नाही हा स्वतःचा नियम त्याने या एका ठिकाणी पाळला नाही.

आणि त्याच माणसाचे दुसरे पुस्तक आपल्या देशाच्या इतिहासात शिरले. व्हेनिसच्या दगडांतून तो गवंड्याकडे वळला होता, गवंड्याकडून मजुरीकडे. 1860 साली त्याने अर्थशास्त्रावर मासिकात लेख लिहिले. वाचकांनी इतका ओरडा केला की संपादकाला चार लेखांवर मालिका थांबवावी लागली. 1862 मध्ये ते पुस्तकरूपाने आले, अन्टू धिस लास्ट. 1904 साली जोहान्सबर्गच्या स्टेशनवर पोलक या मित्राने ते गांधीजींच्या हाती दिले. डर्बनपर्यंत चोवीस तासांचा प्रवास, आणि गांधीजींना त्या रात्री झोप लागली नाही. थोड्याच दिवसांत फिनिक्सची वसाहत उभी राहिली. 1908 मध्ये त्यांनी त्या पुस्तकाचा गुजरातीत सारांश केला आणि त्याला नाव दिले सर्वोदय. वर्धा, सेवाग्राम, पवनार इथे तो शब्द पुढे कसा रुजला ते विनोबांच्या महाराष्ट्राला आम्ही काय सांगावे.

1852 नंतर सतरा वर्षे रस्किन व्हेनिसला गेला नाही. वडील 1864 साली वारले, मोठी संपत्ती मागे ठेवून. त्याने ती शाळा, संग्रहालये, गरजू चित्रकार आणि आप्तांवर जवळजवळ सगळी वाटून टाकली. 1869, 1870 आणि 1872 साली लहान लहान फेऱ्या झाल्या. मधल्या काळात तो ऑक्सफर्डला कलेचा पहिला स्लेड प्राध्यापक झाला. 1874 साली त्याने विद्यार्थ्यांना हाती कुदळ देऊन हिंक्सी गावाचा रस्ता बांधायला लावले. त्यांत ऑस्कर वाइल्डही होता. रस्ता अगदी वाईट झाला. आम्हाला हे वाचून बरे वाटले. रस्ता करणे पुस्तक लिहिण्याइतके सोपे नाही!

त्याच्या मनाची मोठी जखम मात्र वेगळी होती. रोझ ला टूश ही मुलगी दहा वर्षांची असताना तो तिला चित्रकला शिकवू लागला होता. ती अठरा वर्षांची झाल्यावर, 1866 मध्ये, सत्तेचाळिशीच्या रस्किनने तिला मागणी घातली. हे योग्य होते असे आम्ही म्हणणार नाही, तिच्या आईवडिलांनाही ते पटले नाही. वर्षे गेली, ती आजारी पडत गेली आणि मे 1875 मध्ये वारली. सप्टेंबर 1876 मध्ये तो दहाव्या वेळी व्हेनिसला आला तो हे ओझे घेऊन.

तिथल्या चित्रशाळेत कार्पाच्चो या चित्रकाराची संत उर्सुलेच्या कथेवरची चित्रे आहेत. त्यातल्या एकात उर्सुला नीटनेटक्या खोलीत शांत झोपलेली आहे, दारातून देवदूत आत येतो आहे. अधिकाऱ्यांनी ते चित्र भिंतीवरून उतरवून त्याला एका स्वतंत्र खोलीत नकलेसाठी ठेवून दिले. तो आठवड्यांमागून आठवडे त्यासमोर बसला. उर्सुला कुठे संपते आणि रोझ कुठे सुरू होते हे त्याला कळेनासे झाले. चित्रातल्या खिडकीत कार्नेशनचे रोप आहे. नाताळच्या सुमारास एका मैत्रिणीने त्याला तसेच रोप पाठवले, तर तो ती स्वर्गातून आलेली खूण समजला. वेडाची पहिली चाहूल ती हीच.

अशा मनःस्थितीत एक तरुण व्हेनेशियन सरदार त्याला भेटायला आला, आल्विझे पिएरो झोर्झी. सेंट मार्क मंदिराची दुरुस्ती चालली होती. उत्तरेची आणि दक्षिणेची बाजू झाली होती. दुरुस्ती म्हणजे काय, तर शेकडो वर्षांच्या हवेने रंग धरलेल्या संगमरवरी लाद्या काढायच्या आणि नव्या, सारख्या, चकचकीत बसवायच्या. जे काढता येणार नाही ते घासायचे. आता पश्चिमेचा, म्हणजे चौकाकडचा मुख्य दर्शनी भाग होणार होता. झोर्झीने याविरुद्ध पुस्तक लिहिले होते, पण छापायला पैसे नव्हते आणि मोठ्या अधिकाऱ्यांशी वैर घ्यायचे होते. रस्किनने खर्च उचलला आणि पुस्तकाला प्रस्तावनेचे पत्र लिहिले. 1877 मध्ये ते निघाले.

इथे आम्ही दुरुस्तीवाल्यांच्या बाजूनेही एक शब्द टाकतो. भिंत फुगली, पाया खचला, तर काहीतरी करावेच लागते आणि त्यांनी काही ठिकाणी इमारत खरोखर सावरली. पण सावरणे वेगळे आणि नवी कोरी करणे वेगळे. आमच्याकडेही जुनी छत्री किंवा वाडा दुरुस्तीला घेतला की लोकांची पहिली मागणी असते की एकदम नव्यासारखे दिसू द्या. मग चुन्याच्या दर्जांत सिमेंट भरले जाते, दगडावर रंग चढतो आणि उद्‌घाटनाला सगळे खूश! सिमेंट ओल आत कोंडते आणि दहा वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटतात, ते पाहायला उद्‌घाटनाचे पाहुणे नसतात.

रस्किनच्या लिखाणावर वाढलेल्या मॉरिसने 1877 मध्येच इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. 1879 साली तिने सेंट मार्कसाठी मोठी चळवळ केली. बाहेरच्यांनी आपल्याला शिकवावे याचा इटलीच्या लोकांना राग आला, आणि तो रास्तही होता. पण गावात झोर्झीसारखे लोक बोलू लागले होतेच. पश्चिमेच्या भागावरचे काम थांबले. आजही त्या चौकात उभे राहिले की दर्शनी भागावर जुना, डागाळलेला संगमरवर दिसतो.

काम थांबेल याची खात्री नसताना रस्किनने आणखी एक तजवीज केली होती. व्हेनिसमध्ये राहणारा जॉन बनी हा इंग्रज चित्रकार, त्याचा जुना विद्यार्थी. त्याला त्याने त्या दर्शनी भागाचे मोठे तैलचित्र काढायला सांगितले, एकेक दगड जसा आहे तसा. बनी 1877 ते 1882 सुमारे सहाशे दिवस चौकात बसून ते रंगवत होता. चित्र पुरे झाले आणि त्याच वर्षी तो वारला. ते चित्र शेफील्ड गावी आहे, रस्किनने तिथल्या पोलादी कारखान्यांतल्या कामगारांसाठी काढलेल्या संग्रहाचा भाग म्हणून.

फेब्रुवारी 1878 मध्ये रस्किनच्या मनाचा तोल पूर्ण गेला. तो सावरला, पुन्हा लिहू लागला, पुन्हा ढासळला. असे दहा वर्षे चालले. तोवर त्याच्या पुस्तकाची प्रवाशांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली होती आणि लोक ती हातात धरून व्हेनिसच्या कालव्यांतून फिरत होते. सात दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या सहलींची ती सुरुवातच होती. रस्किनला त्यांचा तिटकारा, आणि त्यांच्या पिशवीत पुस्तक मात्र त्याचेच! ऑक्टोबर 1888 मध्ये अकरावा फेरा झाला. बरोबर एक तरुण वास्तुरचनाकार होता, त्याला गाव दाखवायचे होते. मुक्काम थोडाच टिकला. डोके पुन्हा बिघडू लागले होते. परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये तो कोसळला आणि त्याला घरी आणावे लागले.

नंतरची अकरा वर्षे इंग्लंडच्या उत्तरेत कोनिस्टन सरोवराकाठी ब्रँटवुड या घरात गेली. आत्मचरित्र अपुरे राहिले, लिहिणे थांबले, बोलणेही फार थोडे उरले. 20 जानेवारी 1900 रोजी साध्या फ्लूने तो गेला. वेस्टमिन्स्टरमध्ये राष्ट्रपुरुषांच्या शेजारी जागा देऊ केली होती, पण त्याच्या इच्छेप्रमाणे गावातल्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती दिली. अडीच वर्षांनी, 14 जुलै 1902 रोजी, सेंट मार्कच्या चौकातला जुना मनोरा सकाळी एकाएकी कोसळला. ते त्याला पाहावे लागले नाही. कोनिस्टनला त्याच्या थडग्यावर तिथल्याच हिरवट पाटीच्या दगडाचा उंच क्रूस उभा आहे. त्यावर त्याच्या पुस्तकांची चिन्हे कोरली आहेत. त्यात सेंट मार्कचा पंख असलेला सिंहही आहे.